जोडणी : घरची की गावची?

‘हे माझे की सर्वांचे?’ हा प्रश्न माणसाइतकाच जुना आहे. विहीर खणली तेव्हा तो पडला, शेताच्या बांधावरून पाऊलवाट पडली तेव्हा पडला, पोथी लिहून झाली तेव्हाही पडला. आज तोच प्रश्न नवा वेष घालून आपल्या दारात उभा आहे. आता समोर विहीर नाही, वाट नाही. दोन सॉफ्टवेअरना जोडणारा एक अदृश्य धागा आहे. तो धागा आपल्यापुरता ठेवायचा की सर्वांसाठी खुला करायचा, हे ठरवायचे आहे.

कला शाखेच्या वार्षिकात हा विषय कशाला, असे काही मित्र विचारतील. संगणकाचे प्रश्न संगणकवाल्यांनी सोडवावेत, आपण कविता लिहावी, असेही कोणी म्हणेल. पण हा प्रश्न यंत्राचा कमी आणि विश्वासाचा जास्त आहे. एखादी वस्तू सार्वजनिक करणे म्हणजे काय, ती करण्याचा अधिकार कोणाला, आणि केल्यावर तिचे उत्तरदायित्व कोणाकडे, हे राज्यशास्त्राचे, अर्थशास्त्राचे आणि तत्त्वज्ञानाचे प्रश्न आहेत. ते आपल्या वर्गात विचारायचे नाहीत तर कोठे?

आधी विषय नीट समजून घेऊ. मोबाईलवर किंवा संगणकावर आपण जी निरनिराळी सॉफ्टवेअर वापरतो, ती एकमेकांची भाषा जाणत नाहीत. फॉर्म एका कंपनीचा, हिशेबाचा तक्ता दुसरीचा, निरोप धाडण्याची सोय तिसरीची. इकडची माहिती तिकडे न्यायची तर कोणीतरी बसून ती उतरवून काढली पाहिजे. हे उतरवण्याचे काम आपोआप व्हावे म्हणून ऑटोमेशनचे प्लॅटफॉर्म निघाले. अमेरिकेतील झेपियर २०११ साली सुरू झाला. प्राग शहरात जन्मलेल्या इंटिग्रोमॅटचे नाव २०२२ साली ‘मेक’ झाले. बर्लिनमध्ये २०१९ साली एन-एट-एन आला. आपल्या देशातल्या, चेन्नईच्या झोहो कंपनीचाही ‘फ्लो’ नावाचा असाच प्लॅटफॉर्म आहे. या सर्वांचे सूत्र एकच : अमुक घडले की तमुक कर. घडणाऱ्या गोष्टीला ट्रिगर म्हणतात आणि करायच्या गोष्टीला ॲक्शन.

एखादे नवे सॉफ्टवेअर अशा प्लॅटफॉर्मवर आणायचे तर त्याच्यासाठी एक दुभाषा लागतो. सॉफ्टवेअरने बाहेरच्यांसाठी जी खिडकी ठेवलेली असते तिला एपीआय म्हणतात. त्या खिडकीशी ओळख कशी पटवायची, कोणती माहिती मागायची, कोणती द्यायची, नकार मिळाला तर काय करायचे, हे सगळे त्या दुभाष्याला शिकवून ठेवावे लागते. अशा दुभाष्यालाच इंटिग्रेशन म्हणतात. या लेखात मी त्याला ‘जोडणी’ म्हणेन.

जोडणी दोन प्रकारची असते. खासगी जोडणी ज्याने केली त्याला, आणि त्याने आमंत्रण दिलेल्यांनाच वापरता येते. ती कोणी तपासत नाही, कोठे तिची जाहिरात होत नाही. सार्वजनिक जोडणी प्लॅटफॉर्मच्या यादीत नावानिशी झळकते आणि जगातला कोणीही अनोळखी माणूस ती उचलून वापरू शकतो. पण त्या यादीत जाण्याआधी प्लॅटफॉर्मची माणसे तिची परीक्षा घेतात. ज्या सॉफ्टवेअरची ही जोडणी आहे ते तुमचे आहे का, किंवा मालकाची परवानगी तुम्ही घेतली आहे का? ते खरोखर लोकांच्या वापरात आहे का? वापरणाऱ्याला समजेल अशी माहिती लिहिली आहे का? प्रत्येक माणूस स्वतःच्या खात्याने आत शिरतो, की सर्वांसाठी एकच किल्ली फिरते आहे? या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जोडणी सार्वजनिक केली म्हणजे त्यातून वाहणारी माहितीही सार्वजनिक झाली, असे नव्हे. नळयोजना गावाची असली तरी तुमच्या हंड्यातले पाणी तुमचेच असते. प्रश्न गळतीचा आहे. घाईने केलेल्या जोडणीत गुप्त किल्ली उघडी राहून जाते, तपासणीसाठी म्हणून खऱ्या ग्राहकांची नावे घातली जातात, निरोपांची नोंद ठेवणारी वही कोणालाही वाचता येते. खासगी जोडणीत गळती झाली तर एका घराची भिंत ओली होते. सार्वजनिक जोडणीत ती झाली तर सगळी आळी भिजते.

आता माझ्या पाहण्यातला एक दाखला सांगते. माझी आई नौपाड्यातल्या एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. केंद्र सहा बायकांनी मिळून चालवलेले आहे. ग्राहक बहुतेक गोखले रोड आणि राम मारुती रोडच्या आतल्या गल्ल्यांतले. त्यांत एकटे राहणारे वृद्ध पुष्कळ. मुले पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला, आणि येथे आजी-आजोबांचा डबा केंद्रातून. पूर्वी रात्री फोन येत, कोणीतरी चिठ्ठीवर लिहून घेई, आणि सकाळी चिठ्ठी पिठात सापडे. मग आमच्याच चाळीतल्या, दुसऱ्या महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकणाऱ्या एका मुलाने केंद्रासाठी ऑर्डरवहीचे छोटेसे सॉफ्टवेअर लिहिले आणि एका ऑटोमेशन प्लॅटफॉर्मवर त्याची खासगी जोडणी केली. ग्राहक किंवा त्यांची दूरदेशीची मुले रात्री नऊपर्यंत फॉर्म भरतात. जोडणी तो मजकूर वहीत उतरवते. पहाटे पाचला केंद्राच्या फोनवर इमारतवार यादी येते. कोणाच्या किती पोळ्या, कोणाची भाजी बिनतिखट, कोणाला मीठ कमी.

यादी वाचता येते, चुकत नाही, आणि पहाटेचा अर्धा तास वाचतो. पोळ्या लाटणाऱ्या हातांना अर्धा तास म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी पोळ्या आयत्या येतात त्यांना सांगून कळणार नाही.

ही सोय पाहून ठाण्यातल्या आणखी काही केंद्रांनी विचारणा केली, आणि वाद सुरू झाला. आमच्यातल्या काहींचे म्हणणे, जोडणी सार्वजनिक करून टाकावी. यादीत नाव येईल, उद्या नोकरीच्या मुलाखतीत दाखवता येईल, कदाचित चार पैसेही मिळतील. शिवाय ज्ञान वाटल्याने वाढते, हे तर आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. दुसऱ्या बाजूला काहींचे म्हणणे, आपले आहे ते आपल्यापुरते ठेवावे, फुकटची उस्तवार कशाला? कॅंटीनमध्ये या विषयावर चहाचे बरेच कप रिकामे झाले.

मला या दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. कारण दोघेही फक्त करणाऱ्याचा विचार करतात. एकाला करणाऱ्याची कीर्ती दिसते, दुसऱ्याला करणाऱ्याचा त्रास. वापरणारा कोणालाच दिसत नाही. माझ्या मते निवडीची कसोटी एकच असली पाहिजे : जोडणी तुटली तर कोणाचे जेवण अडते, आणि त्या वेळी त्याला उत्तर द्यायला कोण हजर असते? ज्यांना आपण उत्तर देऊ शकतो तेवढ्यांसाठीच आपण जोडणी उघडावी. त्यापलीकडे उघडली तर ते औदार्य नव्हे, तो बेजबाबदारपणा होय.

या म्हणण्याला एक साधा आधार देते. नौपाड्यात जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत. त्यामुळे केंद्राचे निम्मे ग्राहक दोन-तीन वर्षांसाठी भाड्याच्या घरात जातात आणि मग परत येतात. यादीत ‘पत्ता’ असा एकच रकाना होता. आता ‘सध्याचा पत्ता’ आणि ‘मूळ इमारत’ असे दोन लागले. एका संध्याकाळी आईने हे सांगितले आणि त्या मुलाने रात्री जेवणाआधी रकाना वाढवून दिला. जोडणी खासगी होती म्हणून हे जमले. हीच जोडणी सार्वजनिक असती आणि कोल्हापूर-नागपूरची शंभर केंद्रे तिच्यावर विसंबून असती, तर एक रकाना बदलताच त्यांच्या याद्या कोलमडल्या असत्या. तेथे नवी आवृत्ती काढायची, जुनी चालू ठेवायची, लोकांना कळवायचे, एकेकाला नव्या आवृत्तीवर आणायचे आणि मगच जुनी बंद करायची, असा रिवाज पाळावा लागतो. सार्वजनिक वस्तूला मनाला येईल तेव्हा हात लावता येत नाही. जी वस्तू अजून घडते आहे, जिचे रकाने दर महिन्याला बदलत आहेत, ती सर्वांच्या हाती देणे म्हणजे ओल्या भिंतीवर माळा चढवणे होय.

दुसरा आधार माहितीचा. वरवर पाहता पोळ्यांच्या यादीत गुप्त ते काय असणार! पण नीट पाहा : त्या यादीत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा पत्ता आहे, त्यांचा फोन आहे, ते कोणत्या वेळी दार उघडतात हे आहे, आणि मीठ कमी की साखर बंद यावरून त्यांचे आजारपणही आहे. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. ज्या कामासाठी माणसाने माहिती दिली त्याच कामासाठी ती वापरावी, हे त्या कायद्याचे मुख्य तत्त्व आहे. आजींनी आपला पत्ता डब्यासाठी दिला आहे. कोणाच्या कर्तबगारीचे प्रदर्शन मांडण्यासाठी दिलेला नाही. शंभर अनोळखी केंद्रांची अशी माहिती ज्या जोडणीतून वाहणार, ती सांभाळायला एक एकोणीस वर्षांचा विद्यार्थी, त्याच्या सहामाही परीक्षा सांभाळून, पुरा पडेल काय?

‘पण मग ज्ञान वाटायचे नाही का?’ हा आक्षेप वजनदार आहे. त्याला उत्तर देताना दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. ज्ञान वाटणे वेगळे आणि चालती सेवा वाटणे वेगळे. पोळी कशी लाटायची हे आईने कोणालाही शिकवावे. त्यासाठी तिने उद्यापासून साऱ्या ठाण्याला पोळ्या पुरवण्याची हमी देण्याची गरज नाही. जोडणीची संहिता खुली ठेवता येते, ती कशी केली हे मराठीत लिहून देता येते, दुसऱ्या केंद्राच्या मुलाला शेजारी बसवून शिकवता येते. एन-एट-एनसारखा प्लॅटफॉर्म तर स्वतःच्या संगणकावर मांडता येतो. तेथे आपली जोडणी आपल्यापुरती ठेवता येते किंवा इतरांसाठी प्रसिद्धही करता येते. जो ती घेईल तो समजून-उमजून घेईल आणि आपल्या जबाबदारीवर चालवील. यात ज्ञान वाटले गेले आणि खोटी हमीही दिली गेली नाही.

आपल्या शहरातलाच जुना दाखला घ्या. १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. त्याआधी काय लोकांच्या घरी पुस्तके नव्हती? होती. ती कपाटात होती, आणि मागणाऱ्याला स्नेहाखातर मिळत होती. कपाटाचे ग्रंथालय नुसते दार उघडल्याने होत नाही. त्याला सूची लागते, वेळ ठरवावी लागते, सभासदांची वही लागते, फाटलेले पुस्तक बांधणारा लागतो, आणि आज अमुक गृहस्थ आजारी आहेत म्हणून वाचनालय बंद, असे म्हणता येत नाही. माणसे बदलली तरी चालू राहणे, हे सार्वजनिक संस्थेचे पहिले लक्षण होय. जोडणीलाही हेच लागू आहे.

येथवर वाचून मी खासगीपणाची वकिली करते आहे, असे वाटेल. तसे नाही. खासगी जोडणीचे दोन मोठे दोष आहेत, आणि ते मला इतर अनेकांपेक्षा जवळून माहीत आहेत.

पहिला दोष असा, की ती एकाच डोक्यात राहते. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. बँकेचे इंग्रजी पत्र आले, विजेच्या बिलात काही छापून आले, रुग्णालयाचा कागद आला, की शेजारपाजारचे सुद्धा म्हणतात, ‘ताई येऊ दे, ती वाचील.’ यात मान आहे, मला तो आवडतोही. पण मी परीक्षेला बसलेली असते तेव्हा ते पत्र चार दिवस तसेच पडून राहते. साऱ्या घराची किल्ली एकाच्या कमरेला असणे ही त्या एकाची प्रतिष्ठा असेल. घराची मात्र ती दुर्बलता आहे. खासगी जोडणीचे नेमके असेच होते. ती करणारा मुलगा उद्या नोकरीसाठी हैदराबादला गेला, तर पहाटे पाचची यादी कोणाच्या भरवशावर?

याला उपाय जोडणी सार्वजनिक करणे हा नाही. यादीत झळकणारी जोडणीसुद्धा करणाऱ्याने पाठ फिरवली की ओस पडते. उपाय असा, की प्लॅटफॉर्मचे खाते त्या मुलाच्या नव्हे, केंद्राच्या नावावर असावे. परवलीचा शब्द आणि किल्ल्या केंद्रातल्या दोन बायकांपाशी असाव्यात. जोडणी बंद पडली तर काय करायचे, हे मराठीत, क्रमवार, वहीत लिहिलेले असावे. आमच्या केंद्रात ती वही आता पिठाच्या डब्याच्या वरच्या फळीवर असते. आईसह दोघींनी ती वाचून, स्वतः हात लावून पाहिली आहे. मावशी म्हणाल्या, ‘एवढंच होय! हे आम्हाला आधी का नाही सांगितलंत?’ खासगी म्हणजे एकाचे गुपित नव्हे. खासगी म्हणजे ज्यांचे आहे त्यांचे. हा भेद आपण सुशिक्षित मंडळी सोयीस्करपणे विसरतो.

दुसरा दोष असा, की प्रत्येकाने आपापली खासगी जोडणी केली तर कोणाचे कोणाशी जुळत नाही. ज्या ठाण्यापर्यंत १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी आगगाडी आली, त्या ठाण्याच्या रहिवाशांना रुळांची भाषा लवकर समजेल. ती गाडी साडेपाच फुटी रुंद मार्गावर धावली. पुढे १८९७ साली सोलापूरकडे कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरच्या पुढाकाराने उभी राहिलेली ती खासगी कंपनीची रेल्वे होती आणि तिचा मार्ग होता अवघा अडीच फुटी. खर्च कमी, डबे हलके, मुलखाला साजेशी. पंढरीच्या वारकऱ्यांचीही तिने सोय केली. ती रेल्वे करणे चूक नव्हते. रुंद मार्गाची वाट पाहत बसले असते तर बार्शीला गाडी किती उशिरा दिसली असती कोण जाणे! पण कुर्डुवाडीला प्रत्येक पोते एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावे लागे, आणि हे हमाल लावून दशकानुदशके करावे लागले. १९५४ साली ती रेल्वे सरकारने घेतली, आणि पुढे यथावकाश तो मार्ग रुंद झाला. बार्शीची गोष्ट मला दोन्ही गोष्टी शिकवते. लहान, स्वस्त, आपल्यापुरते करून सुरुवात करण्यात काही गैर नाही. पण वाहतूक वाढली की आपल्या मापाचा हट्ट सोडावा लागतो.

तेव्हा खासगी ही पहिली पायरी आणि सार्वजनिक ही नंतरची. मधली पायरीही आहे, तिच्याकडे दुर्लक्ष होते : आमंत्रणाची. ओळखीच्या तीन-चार केंद्रांना आमंत्रण देऊन तीच जोडणी वापरायला द्यावी. त्यांचे रकाने वेगळे असतील, त्यांच्या तक्रारी वेगळ्या असतील. त्या ऐकता ऐकता जोडणी पक्की होईल. मग सार्वजनिक करण्याची वेळ आली हे कशावरून ओळखावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे चार खुणा सांगते. रकाने बदलणे थांबले असावे. प्रत्येक वापरणारा स्वतःच्या खात्याने, स्वतःच्या किल्लीने आत येत असावा. ती कशी वापरायची हे लिहिलेले असावे, आणि ते वाचून, करणाऱ्याला न विचारता, एखाद्या नवख्या केंद्राने ती चालवून दाखवलेली असावी. आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची खूण : तक्रार आली तर उत्तर देणारी किमान दोन माणसे असावीत, आणि दोघांच्या परीक्षा एकाच आठवड्यात नसाव्यात! ही शेवटची अट विनोदाने लिहिली असली तरी ती विनोदाची नाही.

येथपर्यंत मी छोट्या माणसांच्या छोट्या जोडण्यांविषयी बोलले. पण हीच कसोटी मोठ्यांना लावली की निकाल उलटा लागतो, आणि तोही तितक्याच ठामपणे सांगितला पाहिजे. जोडणी तुटली तर कोणाचे जेवण अडते, असे आपण विचारले. सरकारी खाती, परिवहन सेवा, बँका यांच्या बाबतीत उत्तर आहे : सर्वांचे. जेथे सर्वांचे अडते तेथे ‘आम्ही आमच्यापुरते केले आहे’ हे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. शिष्यवृत्तीसाठी मी उत्पन्नाचा एकच दाखला तीन ठिकाणी तीन वेळा नेऊन दिला आहे. ज्या कार्यालयाने दाखला दिला आणि ज्याने तो मागितला, ती दोन्ही जनतेच्याच पैशावर चालतात. पण त्यांच्यामध्ये धागा नव्हता, म्हणून माझ्या वडिलांनी कारखान्यातली एक दिवसाची मजुरी बुडवून तो धागा आपल्या पायांनी विणला. केंद्र सरकारने २०१५ सालीच खुल्या एपीआयचे धोरण जाहीर केले, त्याच वर्षी डिजिलॉकर आले. धोरणामागचा विचार योग्यच आहे. आता खिडकीखिडकीपर्यंत तो पोचला पाहिजे.

असे होऊ शकते याची उदाहरणे आपल्यासमोर आहेत. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ साली यूपीआय आणले. त्याआधी एका वॉलेटमधले पैसे दुसऱ्या कंपनीच्या वॉलेटमध्ये जात नसत. ज्याची त्याची अडीच फुटी रेल्वे होती. यूपीआयने सर्वांना एक मार्ग दिला आणि ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात त्यावरून दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. आमच्या केंद्राच्या भिंतीवरही तो चौकोनी छाप आहे. लक्षात घ्या, यूपीआय सर्वांसाठी आहे, पण त्याला कोणीही उठून जोडू शकत नाही. तेथे बँक मध्ये लागते, परीक्षा द्याव्या लागतात, नियम पाळावे लागतात. सार्वजनिक म्हणजे बेवारस नव्हे, हे त्यावरून शिकावे. आपल्या भागापुरते बोलायचे तर ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ ॲप आले. त्यात लोकल, मेट्रो, बेस्ट यांच्याबरोबर ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या परिवहन सेवाही धरून एकूण अकरा सेवांची तिकिटे एका ठिकाणी आणली आहेत. डोंबिवलीहून लोकलने येऊन ठाण्यात बस पकडणाऱ्या विद्यार्थ्याला यात काय आहे, हे वेगळे सांगायला नको. जे लाखोंच्या रोजच्या वाटेवर आहे ते असेच जोडले गेले पाहिजे.

गंमत अशी, की आपल्याकडे बहुधा उलटे चालते. ज्याने उघडायला हवे तो दार बंद करून बसतो, आणि ज्याने अजून घर बांधायचे आहे तो आधी दारावर पाटी लावतो. पाटीचा मोह मला समजतो. ज्यांच्या घराण्याचे नाव कधी कोठे छापून आलेले नाही, त्यांना यादीत आपले नाव पाहण्याची ओढ अधिक असते, आणि ती हिणवण्याजोगी मुळीच नाही. पण नाव लागण्याची घाई आणि नाव टिकण्याची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला एक रात्र पुरते, दुसरीला वर्षे लागतात.

म्हणून, मित्रमैत्रिणींनो, येत्या काळात आपल्यापैकी अनेक जण, संगणकशास्त्राचे असोत की मराठी वाङ्मयाचे, अशा जोडण्या करतील. कोणी ग्रंथालयासाठी, कोणी नाट्यमंडळासाठी, कोणी वडिलांच्या दुकानासाठी. त्या जरूर कराव्यात. आधी आपल्या माणसांसाठी कराव्यात आणि त्यांच्याच स्वाधीन कराव्यात. मग शेजाऱ्यांना बोलवावे, त्यांचे ऐकावे. आणि ज्या दिवशी अनोळखी माणसाच्या तक्रारीला उत्तर देण्याची हिंमत आणि सवड आपल्यापाशी असेल, त्या दिवशी खुशाल यादीत नाव घालावे. आणि ज्यांच्यापाशी जनतेचा पैसा आणि जनतेची सत्ता आहे, त्यांच्याकडे मात्र आजच, नम्रपणे पण ठामपणे, मागणी करावी : तुमचे दार उघडा, ते आमचेच आहे.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला